पेवातला मका: प्लिमथ वसाहतीच्या मागावर चार दिवस

अमेरिकेतल्या बॉस्टनहून प्लिमथला जाणारे बहुतेक पाहुणे तासाभरात पासष्ट किलोमीटर उरकतात, समुद्रकाठच्या खांबांच्या मंडपात वाळूवर ठेवलेला 'प्लिमथ रॉक' बघतात, एवढासा दगड म्हणून हिरमुसतात आणि दुपारच्या आत परतीला लागतात. या दगडाचं नाव पहिल्यांदा पुढं आलं ते १७४१ साली, म्हणजे वसाहत होऊन १२१ वर्षं उलटल्यावर, चौऱ्याण्णव वर्षांच्या एका वृद्धाच्या सांगण्यावरून. १६२० साली जे इंग्रज वसाहतकरी, म्हणजे 'पिलग्रिम', इथं उतरले त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या मजकुरात दगडाचा उल्लेखही नाही. मक्याचा मात्र पानोपानी आहे. कुठं मिळाला, किती मिळाला, कसा लावला, लांडग्यांपासून कसा राखला, माणशी किती वाटला. म्हणून ही चार दिवसांची वाट मक्याच्या मागावर आखली आहे. केप कॉड या समुद्रात घुसलेल्या भूशिराच्या टोकाला, जिथं त्यांना पहिला मका हाती लागला, तिथून सुरुवात करायची.

जायचं ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात. ओढ्यात हेरिंग मासे चढत असतात, ओकला नुकती पालवी फुटलेली असते आणि मका लावायचा हाच हंगाम. वसाहतीची संग्रहालयं साधारण वसंतापासून नोव्हेंबरपर्यंत उघडी असतात, त्यामुळे डिसेंबरात 'ऐतिहासिक' थंडी अनुभवायला जाऊन उपयोग नाही. समुद्रावरून येणारा वारा मेमध्येही बोचतो, जाड जाकीट हवंच. केपच्या गवतात हरणांवरच्या गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो, तेव्हा पूर्ण पँट घालून ती मोज्यांत खोचावी आणि संध्याकाळी अंग तपासावं.

तारखांबद्दल आधीच सांगितलेलं बरं. तेव्हाचे इंग्रज जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत, ते आजच्यापेक्षा दहा दिवस मागे. खालच्या तारखा त्यांनी लिहिल्या तशाच ठेवल्या आहेत.

पहिला दिवस: प्रॉव्हिन्सटाउन, ट्रूरो, ईस्टहॅम

बॉस्टनहून प्रॉव्हिन्सटाउनला वेगवान बोट दीड तासात पोचते, पण ट्रूरो आणि ईस्टहॅम गाठायला गाडी लागतेच, म्हणून रस्त्यानं अडीच तास धरून चालावं. गावात शिरलं की आधी पिलग्रिम मॉन्युमेंटवर चढायचं. २५२ फूट उंच ग्रॅनाइटचा मनोरा, ११६ पायऱ्या आणि ६० उतरणी. वरून केपचं टोक वाकडा अंकुश असावा तसं दिसतं. त्या अंकुशाच्या आत शांत, खोल बंदर, आणि जमिनीकडं पाहिलं तर वाळू, झुडपं, पुन्हा वाळू. मोठी गोड्या पाण्याची नदी नाही, कसदार माती नाही. ११ नोव्हेंबर १६२० ला १०२ प्रवासी घेऊन 'मेफ्लॉवर' इथं नांगरलं आणि तरी वस्ती इथं का झाली नाही, हे वर उभं राहिल्यावर कुणी सांगायला लागत नाही.

किनारा उथळ आहे. जहाज काठापासून पाऊण मैल दूर उभं राही आणि माणसांना थंडगार पाण्यात उतरून चालत यावं लागे. कपडे ओले, वर नोव्हेंबरचा वारा, आणि ओले कपडे वाळवायला जहाजात जागा नाही. खोकला आणि ताप इथूनच मागे लागला. किनाऱ्यालगत फिरण्यासाठी त्यांनी शॅलप नावाची होडी सुटी करून, तुकड्यांनी डेकमध्ये रचून आणली होती. प्रवासात माणसं तिच्यावरच झोपली, तिचे सांधे खिळखिळे झाले आणि सुताराला ती पुन्हा उभी करायला सोळा-सतरा दिवस लागले. हिवाळा तोंडावर असताना गेलेले हे दोन आठवडे पुढं फार महागात पडले.

होडी तयार होईपर्यंत सोळा माणसं पायीच निघाली, त्यांचा लष्करी कप्तान माइल्स स्टँडिश याच्या हाताखाली. प्रॉव्हिन्सटाउनपासून दहा-बारा किलोमीटरवर ट्रूरोत कॉर्न हिल नावाची टेकडी आहे. पायथ्याशी गाडी लावायला जागा आहे, एक पाटी आहे, बाकी गवत आणि खाली खाडी. इथं त्यांना नुकत्याच थापलेल्या वाळूचे उंचवटे दिसले. उकरल्यावर आत टोपली, टोपलीत मका. कणसं छत्तीस, काही पिवळी, काही लाल, काहींत निळे दाणे मिसळलेले.

इंग्रजांना याचं नवल वाटलं. आपल्याकडच्या वाचकाला वाटणार नाही, कारण हे सरळ सरळ पेव आहे. सोलापूर-मराठवाड्याकडं ज्वारी पेवात ठेवत, तसाच केपवरच्या नॉसेट या मूळनिवासी लोकांचा मका. कोरड्या उंच जागी खड्डा, आत चटईचं अस्तर, टोपल्यांत धान्य, वरून वाळू. उतारावरच्या वाळूतून पाण्याचा निचरा चांगला होतो, म्हणून दाणा कुजत नाही. पेव टेकडीवरच का, याचं उत्तर एवढंच. आणि पेवात ठेवलेलं धान्य टाकून दिलेलं नसतं, तर पुढच्या पेरणीचं बियाणं असतं, हेही आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

नोव्हेंबर संपता संपता ते पुन्हा आले तेव्हा बर्फ पडलं होतं. जमीन फूटभर गोठलेली, कुदळी बरोबर आणायच्या राहून गेलेल्या, म्हणून तलवारींनी माती तोडून तिची ढेपळं लाकडी तरफांनी उचकटली. दोन्ही वेळचं मिळून साधारण दहा बुशेल मका त्यांनी नेला. एक बुशेल म्हणजे पस्तीस लिटरचं माप. मक्याचे दाणे भरले तर पंचवीस किलो. म्हणजे एकूण अडीचशे किलोच्या आसपास. हे बियाणं मिळालं नसतं तर उपाशी मेलो असतो, हे वसाहतीचा पुढचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. सहाएक महिन्यांनी मालकांना भरपाई दिल्याचंही तो सांगतो. त्या टोपल्यांवर ज्यांनी हिवाळा काढायचा होता त्यांचं मधल्या काळात काय झालं, हे मात्र इंग्रजांच्या कागदात नाही, आणि टेकडीवर उभं राहिलं की मनात तेच येतं.

दक्षिणेकडं उतरताना ईस्टहॅमला फर्स्ट एन्काउंटर बीच लागतो. ८ डिसेंबरच्या पहाटे इथं बाण आणि बंदुका सुटल्या. गोरी माणसं इथं धान्य आणि माणसं दोन्ही पळवून नेतात, हा नॉसेट लोकांचा अनुभव होता. १६१४ मध्येच टॉमस हंट या इंग्रज कप्तानानं याच किनाऱ्यावरून वीसहून जास्त माणसं फसवून जहाजात कोंडली आणि स्पेनमध्ये मालागाला विकायला नेली होती.

मुक्काम प्लिमथमध्ये करावा, दीड तासाचा रस्ता आहे.

दुसरा दिवस: बंदर, लायडन स्ट्रीट, टाउन ब्रुक

सकाळी आधी 'मेफ्लॉवर २'. इंग्लंडमधल्या ब्रिक्सहॅमला बांधलेली ही प्रतिकृती १९५७ साली शिडांवर अटलांटिक ओलांडून आली आणि अलीकडं मिस्टिक सीपोर्टच्या गोदीत तिची मोठी दुरुस्ती होऊन २०२० मध्ये परत आली. लांबी १०६ फूट. मधल्या डेकवर उतरलं की उंच माणसाला मान वाकवावी लागते. याच मजल्यावर शंभर माणसं, शेळ्या-कोंबड्या, पेट्या, तोफा आणि सुटी केलेली होडी. मार्चअखेरपर्यंत यातले पुष्कळ जण इथंच राहत होते, कारण किनाऱ्यावर घरं झालेली नव्हती. जहाज बघताना हे ध्यानात ठेवावं की हे नुसतं दोन महिन्यांचं प्रवासी जहाज नव्हे, पहिल्या हिवाळ्यातलं त्यांचं घरही हेच.

बंदरासमोरच कोल्स हिल. पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसं गेली, ती इथं पुरली. जोर होता तेव्हा दिवसाला दोन-तीन मरत आणि धडधाकट उरलेले सहा-सात जण बाकीच्यांचं स्वयंपाकपाणी, सरपण, घाण काढणं सगळं करत. १६२१ च्या सुगीपर्यंत प्रौढ स्त्रिया उरल्या फक्त चार. टेकडीवर या भागातल्या वाम्पानोआग या मूळनिवासी लोकांच्या प्रमुखाचा, मॅसासॉइटचा, पुतळा आहे, आणि मूळनिवासी लोक १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी इथं शोकदिन पाळतात, त्याचीही पाटी आहे. दोन्ही वाचाव्यात.

लायडन स्ट्रीट हा वसाहतीचा मूळ रस्ता. आज त्याच्यावर नंतरच्या काळातली घरं आहेत, तरी उतार तोच. वर टेकडी, खाली समुद्र, डाव्या-उजव्या हाताला घरं, आणि दक्षिणेला टाउन ब्रुक हा ओढा. जागा निवडताना त्यांनी काय पाहिलं ते चालता चालता कळतं: वर्षभर वाहणारं गोडं पाणी, तोफा ठेवायला टेकडी, आणि आधीच मोकळी केलेली शेतं. शेतं मोकळी होती कारण इथं पटक्सेट नावाचं गाव होतं. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते पूर्ण संपलं. त्या गावातला टिस्क्वांटम वाचला, कारण हंटनं पळवून नेलेल्यांपैकी तो एक. स्पेन, इंग्लंड, न्यूफाउंडलंड असं फिरून १६१९ मध्ये तो परत आला तेव्हा गावात कोणी नव्हतं. मार्च १६२१ मध्ये इंग्रजांना भेटला तो हा माणूस. इंग्रजी येणारा, आणि या मातीत मका कसा येतो हे माहीत असणारा.

ओढ्याच्या काठानं ब्रूस्टर गार्डन्समधून वर चालत जावं. गेल्या काही वर्षांत ओढ्यावरचे जुने बांध काढले आहेत, त्यामुळे मे महिन्यात हेरिंगचे थवे पुन्हा वर चढताना दिसतात. पाण्याकडं तिरकं बघावं आणि काळ्या काचांचा, पाण्यावरची चमक कापणारा चष्मा घालावा, नाहीतर पाठीवरची हिरवट रेघ दिसत नाही. हेच मासे मक्याचं खत. टिस्क्वांटमनं सांगितलं ते असं: ही जमीन पिकून थकलेली आहे, मासा घातल्याशिवाय काही येणार नाही, आणि एप्रिलच्या मध्याला मासा आपणहून ओढ्यात येईल. ओकचं पान उंदराच्या कानाएवढं झालं की मका लावायचा, हा त्या भागातला जुना ठोकताळा.

लागवड नांगरून नव्हे. नांगर नव्हता, बैल नव्हते, आणि पहिली गुरं यायला १६२४ उजाडलं. फावड्यानं मातीचे आळ्यासारखे उंचवटे करायचे, चार-पाच फुटांवर एक. पोटात मासे, वर माती, त्यात चार-पाच दाणे. रोप वितीएवढं झालं की भर लावायची आणि शेजारी घेवडा आणि भोपळा. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो, भोपळ्याची पानं तण दाबतात. एकरी हजारभर मासे लागत, अशी त्या काळची नोंद आहे.

बिघडतं ते इथून पुढं. मासा पुरल्याचा वास लांडग्यांना येतो आणि ते रात्रीत आळी उकरून टाकतात. मासा कुजेपर्यंत, म्हणजे चौदा दिवस, रात्रभर राखण करावी लागे. दिवसभर आजारी माणसांनी कामं करायची आणि रात्री शेतावर जागायचं. त्या वसंतात त्यांनी वीस एकर मका लावला आणि सहा एकरांत सातू व वाटाणा पेरला, तो इंग्लंडहून आणलेल्या बियाण्याचा. वाटाणा फुलावर आला आणि उन्हानं करपला. सातू बेताचा आला. मका पिकला. वसाहतीतल्याच एडवर्ड विन्स्लोनं त्या डिसेंबरात घरी लिहिलेल्या पत्रात हा हिशेब आहे, आणि वसाहत का टिकली याचं याहून नेमकं उत्तर शोधून सापडत नाही.

संध्याकाळी बेरियल हिल. १६२२-२३ मध्ये इथं किल्ला बांधला, दहा महिने लागले. जाड फळ्यांची चौकोनी इमारत, सपाट छतावर सहा तोफा, खालच्या मजल्यावर प्रार्थना. १६७६ मध्ये मॅसासॉइटच्याच मुलाचं, इंग्रजांविरुद्ध लढून मारल्या गेलेल्या मेटाकॉमचं, डोकं याच किल्ल्यावर खांबाला लटकावून वर्षानुवर्षं ठेवलं. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या बॉस्टन शाखेच्या पुरातत्त्वज्ञांना या टेकडीच्या कडेला मूळ वस्तीच्या खांबांचे खड्डे आणि पुरलेलं एक वासरू सापडलं. मूळनिवाशांकडं गुरं नव्हती, म्हणजे वासराचा खड्डा इंग्रजांचा. वस्तीची हद्द ठरवायला ते वासरू उपयोगी पडलं.

तिसरा दिवस: पटक्सेट होमसाइट आणि इंग्लिश व्हिलेज

प्लिमथ पटक्सेट म्युझियम्स गावापासून चारेक किलोमीटर दक्षिणेला आहे. १९४७ साली स्थापना झाली, आणि 'प्लिमथ प्लांटेशन' हे जुनं नाव २०२० मध्ये बदललं. पूर्ण दिवस द्यावा आणि उघडायच्या वेळेलाच हजर व्हावं, कारण दहा-साडेदहानंतर शाळांच्या सहली येतात.

आधी होमसाइट, म्हणजे मूळनिवाशांच्या वस्तीची प्रतिकृती. इथं काम करणारी माणसं मूळनिवासी आहेत आणि ती नाटक करत नाहीत. पोशाख पारंपरिक असला तरी बोलणं आजचं. त्यांना पोशाखावरून काहीबाही विचारू नये. हातातल्या कामाबद्दल विचारलं की मनापासून सांगतात.

वेटू म्हणजे त्यांचं घर. वाकवलेल्या कोवळ्या खोडांचा सांगाडा, उन्हाळ्यात वर पाणकणसाच्या पानांच्या चटया, हिवाळ्यात झाडाची साल. पाणकणसाचं पान भिजलं की फुगतं आणि चटईची वीण घट्ट बसते, त्यामुळे पाऊस आत येत नाही. आत शिरल्यावर जाणवते ती ऊब. मध्ये छोटी आग, वर धुराला भोक, भोकावर वाऱ्याप्रमाणे सरकवायची झडप. त्याच हिवाळ्यात इंग्रजांच्या घरात धूर कोंडायचा आणि उष्णता धुराड्यातून निघून जायची.

बाहेर मिशून घडत असतं. एका ओंडक्याची होडी. लाकूड कुऱ्हाडीनं कोरत नाहीत, जाळतात. ओंडक्याच्या पाठीवर आग, कडांना ओली माती म्हणजे आग बाजूंना खाणार नाही, मग कोळसा झालेला थर शिंपल्यानं खरवडायचा आणि पुन्हा आग. आगीवरची नजर हटली तर बाजू पातळ होऊन भोक पडतं आणि सगळा ओंडका वाया जातो. शेजारच्या चुलीवर बहुधा नासॉम्प शिजत असतं. मक्याच्या कण्या, कधी घेवडा, कधी बेरी किंवा तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या. प्रवासात नोकहिक, म्हणजे मका गरम राखेत भाजायचा, राख झाडून बारीक कुटायचा आणि पिशवीत भरायचा. वाटेत चमचाभर पीठ, ओंजळभर पाणी. सातूचं पीठ घेऊन वारीला निघालेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तिथून पायवाट इंग्लिश व्हिलेजला, म्हणजे वसाहतीच्या प्रतिकृतीला, जाते. इथं काळ १६२४ ते १६२७ च्या मधला, आणि इथली माणसं त्या काळातली भूमिका सोडत नाहीत. बोलणंही तेव्हाच्या इंग्रजीत, प्रत्येकाचं त्याच्या गावच्या ढंगाचं. साध्या घरच्या माणसाला गुडमन, त्याच्या बायकोला गुडवाइफ, आणि प्रतिष्ठितांना मास्टर, मिस्ट्रेस. पुढच्या काळाबद्दल विचारलं तर त्यांना कळत नाही असं दाखवतात आणि वेळ जातो. विचारावं ते हे: भांड्यात काय आहे, पीठ किती उरलं, छप्पर कधी शाकारलं, कर्ज किती.

कुंपणातून आत शिरताना थांबावं. १६२२ च्या फेब्रुवारीत, नरागँसेट ही शेजारची मूळनिवासी जमात हल्ला करील या धास्तीनं, अर्धपोटी माणसांनी महिनाभरात वस्तीभोवती लाकडी तटबंदी उभी केली. त्याच वर्षी आलेल्या जॉन पोरी या पाहुण्यानं तिचा घेर २,७०० फूट लिहिला आहे. म्हणजे हजारो खांब तोडायचे, टोकदार करायचे, ओढून आणायचे आणि गोठलेल्या जमिनीत गाडायचे. नोव्हेंबर १६२१ मध्ये 'फॉर्च्युन' जहाजानं पस्तीस नवी माणसं आणली होती, बरोबर धान्य काहीच नाही. सुगीनंतर माणशी आठवड्याला एक पेक, म्हणजे पाव बुशेल, सहा किलोच्या आसपास मका ठरला होता. जहाज येताच सगळ्यांचा वाटा निम्मा झाला. तटबंदी झाली ती या निम्म्या वाट्यावर.

घरं बघताना तीन गोष्टींकडं लक्ष द्यावं: फळी, चूल, छप्पर.

फळ्या करवतलेल्या नाहीत, फाडलेल्या आहेत. हिरवा, सरळ रेषांचा ओक चार फुटी तुकड्यांत कापायचा, पाचरी ठोकून दोन भाग, चार, आठ, असं सुरीनं केक कापावा तसं मध्याकडून बाहेर फाडत जायचं. शेवटी फ्रो नावाचं लांब बोथट पातं रेषेत बसवायचं आणि मोगरीनं ठोकायचं. फळी निघते ती तिरक्या धारेची, एक कड जाड आणि दुसरी पातळ. तिच्या रेषा तुटलेल्या नसतात म्हणून पाणी पीत नाही. झाडाला पीळ असेल तर फळीही पिळवटते आणि भिंतीत फटी राहतात. वाळलेलं लाकूड घेतलं तर फाटतच नाही. याच फळ्या भरून त्यांनी 'फॉर्च्युन'मधून इंग्लंडला, वसाहतीत पैसे घातलेल्या लंडनच्या गुंतवणूकदारांना, कर्जफेडीचा पहिला माल पाठवला. वाटेत फ्रेंचांनी तो लुटला.

आतली भिंत आणि धुराडं म्हणजे कूड. काठ्यांची वीण, वर चिकणमाती आणि गवताचा लेप. कोकणात कारवीचा कूड पाहिलेल्याला तो लगेच ओळखू येतो, फक्त शेणाऐवजी गवत जास्त, कारण गुरंच नव्हती. मातीत चिकण जास्त झाली की लेप वाळताना तडकतो, कमी झाली की सुटून पडतो. धुराड्याच्या आतला लेप दर हिवाळ्यात उष्णतेनं ढिला होतो. तो वेळीच लिंपला नाही तर आतल्या काठ्या पेटतात, आणि वर दीड हात अंतरावर वेताचं छप्पर असतं. १४ जानेवारी १६२१ ला सामायिक घराच्या छपरावर ठिणगी पडली तेव्हा आत आजारी माणसं होती आणि शेजारी भरलेल्या बंदुका. छप्पर गेलं, सांगाडा वाचला. अखेर १६२७ मध्ये ठराव झाला की वस्तीतल्या नव्या घरांना वेत-गवत शाकारायचं नाही, फळ्याच घालायच्या. व्हिलेजमध्ये दोन्ही प्रकारची छपरं दिसतात. या घरांना शिडी आणि पाण्याची बादली दाराशी तयार असणं ही शोभा नव्हती.

खिडक्यांना काच नाही. नव्यानं येणाऱ्यांना विन्स्लोनं लिहिलं होतं की खिडक्यांसाठी कागद आणि जवसाचं तेल आणा. तेल मुरलेला कागद उजेड आत सोडतो, वारा अडवतो. जोराचा पाऊस लागला की फाटतो.

आता चूल. घर एका खोलीचं, जमीन मातीची, आडव्या दांड्याला टांगलेलं लोखंडी भांडं. वाळलेला फ्लिंट मका गारगोटीसारखा कडक असतो. घरोघरी झाडाच्या बुंध्याचं उखळ आणि लाकडी मुसळ. सुका दाणा घाव बसताच उसळून बाहेर पडतो, म्हणून आधी गरम पाण्यात थोडा मऊ करायचा, साल सुटली की कुटायचा. जास्त भिजला तर कुटताना त्याचा लगदा होतो आणि चाळणीतून पीठ उतरत नाही. चाळून तीन भाग: बारीक पीठ भाकरीला, मधलं खिरीसारख्या लापशीला, आणि जाड कण्या तासन्‌तास शिजवायच्या सॅम्पला. कण्यांना घाई चालत नाही. वरून मऊ दिसल्या तरी आत कच्च्या राहतात आणि पोट धरतं.

इंग्रजांना हवी होती फुगलेली गव्हाची पोळी. मक्याच्या पिठात चिकटपणा नसतो, त्यामुळे यीस्ट घालून ते फुगत नाही, भट्टीत कडा तडकतात. राय हे गव्हासारखं धान्य मिळालं की मिसळत, म्हणजे गोळा जरा धरून राहतो. मक्याची भाकरी थापताना काठ फुटतात ते याच कारणानं, आणि आपण गरम पाण्यात पीठ मळून जो उपाय करतो तो त्यांच्या सवयीत नव्हता. भाजायला घराबाहेर मातीच्या भट्ट्या आहेत, दोन-चार घरांत एक. आत लाकूड जाळायचं, निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्यानं तळ पुसायचा, चिमूटभर पीठ टाकून ते किती लवकर तपकिरी होतं ते बघायचं आणि मग पाव सरकवून तोंड मातीनं लिंपायचं. पीठ लगेच काळं पडलं तर थांबावं.

शेतीचा हिशेब १६२३ मध्ये बदलला. आधी सगळ्यांचं एकत्र पिकायचं आणि एकत्र वाटायचं. कष्ट करणाऱ्यांची कुरकुर वाढली, धान्य पुरेना, म्हणून माणशी एक एकर जमीन घराघराला दिली. ब्रॅडफर्ड सांगतो की यानंतर बायका आपणहून, मुलांना घेऊन शेतात जाऊ लागल्या आणि मका कितीतरी जास्त लागला. त्याच उन्हाळ्यात मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस पडला नाही आणि मका कोमेजत चालला होता, हेही तोच लिहितो. आजही खासगी मालकीचा धडा म्हणून या वर्षाचं उदाहरण सर्रास दिलं जातं. पण माणसं मरून निम्मी झालेली, अन्नाविना नवी माणसं वरचेवर येत होती आणि इथली लागवड शिकून जेमतेम दोन हंगाम झालेले, हे त्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय तो हिशेब पुरा होत नाही.

गोठ्याकडं शेवटी जावं. पहिल्या तीन कालवडी आणि एक वळू १६२४ मध्ये आले. २२ मे १६२७ ला गुरांची वाटणी झाली: १५६ माणसं, तेरा-तेरांचे बारा गट, प्रत्येक गटाच्या वाट्याला एखादं-दुसरं गुरू आणि दोन शेळ्या. ही यादी नावानिशी टिकली आहे. त्यात मुलं-बायकांचीही नावं आहेत, म्हणून कोण जिवंत होतं आणि कुणाच्या घरात होतं हे कळतं ते गायींच्या कागदावरून. डुकरं मात्र मोकळी सोडत, आणि ती ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या तिसऱ्या उकरून खात. तिसऱ्या म्हणजे वाम्पानोआग बायकांचं हक्काचं अन्न. पुढच्या पन्नास वर्षांच्या तक्रारींची एक मुळी या गोठ्यातही आहे.

चौथा दिवस: गिरणी आणि ॲप्टक्सेट

प्लिमथ ग्रिस्ट मिल टाउन ब्रुकवर आहे. १६३६ मध्ये जॉन जेनीला गिरणी चालवायचा हक्क मिळाला. आजची इमारत १९७० ची, मूळ जागेवर उभारलेली, आणि ओढ्याच्या पाण्यावर खरंच दळते. दळण कधी चालू असतं ते आधी विचारून जावं, बंद दगड बघण्यात मजा नाही.

रचना जात्याचीच, फक्त मोठी. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, दोन्हींवर मध्यातून कडेकडं जाणाऱ्या खाचा. वर धान्याचा पेटारा, खाली तिरकी पन्हळ, आणि फिरत्या दांड्याचे धक्के बसून पन्हळीतून दाणे थोडे थोडे दगडाच्या डोळ्यात पडतात. मुठीनं घास घालणारा हात इथं तो दांडा. गिरणीवाल्याचं खरं काम दोन दगडांमधली फट राखण्याचं. फट जास्त झाली तर कण्या पडतात, कमी झाली तर पीठ तापतं, करपल्याचा वास येतो, आणि दगडाला दगड लागून ठिणगी उडाली तर पिठाची धूळ पेटते. ओला मका आला तर पीठ खाचांत बसतं आणि दळण थांबतं. खाचा बोथट झाल्या की दगड उलटा करून टाकी लावावी लागते. दळणावळीचा मोबदला धान्यातच, ठरलेला वाटा. उखळाशी रोज जाणारे बायकांचे तास गिरणीनं परत दिले, आणि हे व्हायला वसाहतीला पंधराएक वर्षं लागली. इथलं पीठ विकत मिळतं. जाड दळलेलं घ्यावं, घरी कण्यांसारखं शिजवून बघता येतं.

दुपारी चाळीस मिनिटांवर बोर्न. केप कॉड कालव्याच्या काठाशी ॲप्टक्सेट हे व्यापारी ठाणं, १६२७ मध्ये उभारलेलं. आजचं लाकडी घर १९३० मध्ये जुन्या पायावर बांधलेली प्रतिकृती आहे. जागा का निवडली ते कालवा बघून कळतं. उत्तरेकडून एक खाडी, दक्षिणेकडून मॅनोमेट नदी, मध्ये थोडीशी जमीन. होड्या इथवर आणायच्या, माल खांद्यावरून पलीकडं न्यायचा, म्हणजे केपच्या धोकादायक वाळूच्या दांड्यांना वळसा नको. १९१४ मध्ये त्याच रेषेवर कालवा झाला. ठाण्यावर दोन-चार नोकर ठेवले होते. ते मका लावत, डुकरं पाळत, मालावर नजर ठेवत.

मक्याचा व्यापार याच्या आधीच सुरू झाला होता. १६२५ च्या सुगीनंतर विन्स्लो आणि सोबत्यांनी होडीवर मधोमध छोटं डेक ठोकलं, म्हणजे खाली धान्य भिजणार नाही, आणि मका घेऊन ते उत्तरेला केनेबेक नदीपर्यंत गेले. परत आले ते ७०० पौंड वजनाची, बीव्हर या प्राण्याची केसाळ कातडी घेऊन. १६२७ मध्ये न्यू नेदरलँड या डच वसाहतीतून आलेल्या आयझॅक द रासिएरनं त्यांना पन्नासएक पौंडांचा वाम्पम विकला. जांभळ्या आणि पांढऱ्या शिंपल्यांचे भोकं पाडलेले मणी, फरच्या बदल्यात चालणारे. आधी दोन वर्षं ते खपेनात, मग पुरेनासे झाले. ठाण्यातल्या खोलीत मणी, फर आणि तराजू मांडलेले आहेत. मणी हातात घेता आला तर त्याचं भोक बघावं. दगडी किंवा लोखंडी टोकानं, दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पाडलेलं.

इथून पूर्वेला केपवरच चॅटम आहे, तासाभराच्या अंतरावर. १६२२ च्या नोव्हेंबरात टिस्क्वांटम इंग्रजांना घेऊन तिथं मका विकत घ्यायला गेला होता, तापानं आजारी पडला आणि तिथंच वारला.

१६२७ मध्येच लंडनच्या गुंतवणूकदारांशी तडजोड होऊन कर्ज १,८०० पौंडांवर ठरलं, दर वर्षी २०० फेडायचे. ब्रॅडफर्ड, स्टँडिश आणि काही जणांनी ते अंगावर घेतलं. बदल्यात सहा वर्षं फरचा सगळा व्यापार त्यांचा, आणि वसाहतीतल्या प्रत्येक भागीदारानं त्यांना वर्षाला द्यायचे तीन बुशेल मका किंवा सहा पौंड तंबाखू. त्या मापानं कॉर्न हिलच्या वाळूतून नेलेल्या दहा बुशेलांत तीन भागीदारांचा एका वर्षाचा हप्ता भागून एक बुशेल उरला असता.